घर कोकणात, चावी आखातात

सिमकार्डावरच्या इंटरनेटने दूरवरून घर सांभाळायचे असेल तर काय चालते, काय चालत नाही, आणि घरातल्यांना काय विचारायला हवे

श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली, खेड या पट्ट्यात कमावता माणूस परदेशात असलेली घरे मोहल्ल्यामोहल्ल्यांत सापडतात. मुलगा दुबईला किंवा दम्मामला, घरी वयस्कर अम्मी-अब्बा, सून आणि शाळेत जाणारी मुले. काही घरे तर वर्षातले दहा महिने कुलपातच असतात आणि सुट्टीत किंवा घरच्या लग्नाला उघडतात. एके काळी खुशाली पत्राने कळायची, नंतर एसटीडी बूथवर ठरल्या वेळी फोन यायचा, आता व्हिडिओ कॉलवर चेहरा दिसतो. पण कॉल करायला समोरून कोणी तरी उचलावा लागतो. अब्बा एकटे असताना पाय घसरून पडले किंवा बंद घराच्या मागच्या दारी रात्री कोणी आले, तर कॉल उपयोगाचा नाही. म्हणून अनेक जण आता घरी कॅमेरा, वाय-फाय आणि कधी कधी एक छोटा संगणक बसवतात आणि तो परदेशातून उघडून पाहण्याचा प्रयत्न करतात.

शहरात हे तसे सोपे आहे. फायबरची तार घरात येते आणि गरज पडल्यास कंपनीकडून कायमचा पत्ताही विकत घेता येतो. वाडीवर मात्र तार पोहोचलेली नसते. तिथे सिमकार्ड घातलेला फोर-जी राउटर हाच आधार असतो. बसवणारा सांगतो, घरात बसून सगळे छान दिसते. सुट्टी संपते, माणूस विमानात बसतो, तिकडे पोहोचून मोबाईल उघडतो, आणि घर काही उघडत नाही. दोष कॅमेऱ्यात नसतो, राउटरमध्येही नसतो. सिमकार्डावरच्या इंटरनेटची रचनाच तशी आहे.

दार बाहेरून का उघडत नाही?

इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही-४ मध्ये, असे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच आहेत. जगाची लोकसंख्या त्याहून जास्त आणि एकेका घरात चार-चार यंत्रे. जागतिक साठ्यातले शेवटचे पत्ते फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. आपल्या आशिया विभागातला नेहमीचा साठाही त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आटला. त्यानंतर भारतात कोट्यवधी लोक मोबाईलवरून इंटरनेटवर आले. प्रत्येकाला वेगळा पत्ता देणे कंपन्यांना शक्यच नव्हते.

मग उपाय निघाला तो मुंबईच्या चाळीसारखा. चाळीत शंभर खोल्या, पण टपालाचा पत्ता एकच आणि फाटकावर एक पहारेकरी. खोलीतल्या कोणी मुलाला बाहेर पाठवले की पहारेकरी वहीत नोंद करतो आणि मुलगा सामान घेऊन परतला की त्याला बरोबर त्या खोलीकडे सोडतो. पण कोणी अनोळखी माणूस थेट फाटकावर येऊन म्हणाला, "मला आत जायचे आहे", तर वहीत त्याची नोंद नसते. तो परत जातो.

मोबाईल कंपनी नेमके हेच करते. हजारो ग्राहक एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवते. या व्यवस्थेला सीजीनॅट म्हणतात. त्यासाठी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत सुरू होणाऱ्या पत्त्यांचा एक गट २०१२ मध्ये खास राखून ठेवला गेला. तुमच्या घरचा राउटर हा त्या चाळीतली एक खोली आहे. आतून बाहेर जाणारे सगळे चालते: यूट्यूब, व्हॉट्सअ‍ॅप, बँकेचे अ‍ॅप. बाहेरून आत येणारे मात्र फाटकावरच थांबते.

म्हणूनच कॅमेरा बसवणारे जी जुनी युक्ती सांगतात, राउटरमध्ये 'पोर्ट फॉरवर्डिंग' करा, ती इथे लागू पडत नाही. पोर्ट उघडणे म्हणजे आपल्या खोलीचे दार उघडे ठेवणे. फाटक तर कंपनीच्या ताब्यात असते. बदलत्या पत्त्यावर नजर ठेवणारी 'डायनॅमिक डीएनएस' सेवाही कामाची नाही, कारण ती पाहुण्याला फक्त फाटकापर्यंत आणून सोडते. या दोन गोष्टींवर पैसे आणि सुट्टीचे दिवस खर्च करू नयेत.

आपले सिम चाळीत आहे की नाही हे पाच मिनिटांत कळते. राउटरच्या सेटिंगच्या पानावर 'वॅन आयपी' असा आकडा दिसतो, तो लिहून घ्या. मग त्याच वाय-फायवरून 'माझा आयपी काय' हे सांगणारे कोणतेही संकेतस्थळ उघडा. दोन्ही आकडे वेगळे असतील, किंवा राउटरवरचा आकडा १०. ने अथवा १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर आपण चाळीतच आहोत.

नव्या पद्धतीचे, आयपीव्ही-६ चे पत्ते मुबलक आहेत आणि भारतातल्या मोबाईल कंपन्या ते देतातही. पण त्यावरही बाहेरून येणारी जोडणी कंपनी बऱ्याचदा अडवते. शिवाय परदेशातल्या ज्या वाय-फायवरून आपण पाहणार तिथेही आयपीव्ही-६ असावे लागते. त्यामुळे घराची व्यवस्था केवळ त्याच्या भरवशावर ठेवू नये.

आतून बाहेर हात द्या

फाटक बाहेरून उघडत नाही, पण आतून जाणाऱ्याला अडवत नाही. सगळे उपाय या एका गोष्टीवर उभे आहेत. घरातल्या यंत्राने स्वतः बाहेर जाऊन एखाद्या ओळखीच्या जागी उभे राहायचे आणि आपणही परदेशातून त्याच जागी जाऊन त्याला भेटायचे.

पहिला मार्ग सर्वात सोपा. आजकालचे बहुतेक वाय-फाय कॅमेरे क्यूआर कोड स्कॅन करून अ‍ॅपला जोडले जातात. हा कॅमेरा घरातून कंपनीच्या सर्व्हरशी सतत बोलत राहतो आणि आपले अ‍ॅप त्याच सर्व्हरमार्फत त्याला गाठते. फोर-जी सिमवरही हे बिनतक्रार चालते. ज्यांना फक्त ओटा, अंगण आणि मागचे दार पाहायचे आहे त्यांना एवढे पुरे आहे. यात एकच विचार करायचा: आपल्या घराचे चित्र एका परक्या कंपनीच्या हातून जाते. म्हणून फार स्वस्त, नाव-गाव नसलेला कॅमेरा घेऊ नये. भारत सरकारने २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षिततेची सरकारी तपासणी सक्तीची केली आहे. खरेदी करताना दुकानदाराला 'एसटीक्यूसी' प्रमाणपत्राबद्दल जरूर विचारा.

दुसरा मार्ग खासगी बोगद्याचा. घरात एक छोटा संगणक कायम चालू ठेवायचा. रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक किंवा एखादा जुना लॅपटॉपही चालतो. त्यावर टेलस्केल किंवा झिरोटियर यांसारखे सॉफ्टवेअर बसवायचे आणि तेच आपल्या मोबाईलवरही घ्यायचे. दोन्ही यंत्रे आतून बाहेर येऊन एकमेकांना गाठतात आणि त्यांच्यात कुलूपबंद वाट तयार होते. थेट वाट जुळली नाही तर टेलस्केल स्वतःच्या मधल्या सर्व्हरवरून माहिती पाठवते. तेव्हा वेग कमी होतो, पण माहिती कुलूपबंदच राहते, मधल्या सर्व्हरला ती वाचता येत नाही. घरगुती वापरासाठी ही सेवा मोफत मिळते. पाच वॅटचा संगणक महिनाभर अखंड चालला तर साडेतीन-चार युनिट वीज लागते. या मार्गाने कॅमेऱ्याचा रेकॉर्डर, राउटरची सेटिंग, अब्बांचा संगणक, प्रिंटर असे घरचे सगळे जाळे उघडते. त्यासाठी त्या संगणकाला 'सबनेट राउटर' करावे लागते. गावातला संगणक शिकलेला मुलगा हे दोन तासांत करून देतो.

इथे तीन बारकावे आहेत आणि तिन्ही जाण्याआधीच पाहायचे आहेत. एक, टेलस्केलमध्ये जोडलेल्या यंत्राची मुदत मुळात १८० दिवसांची असते. घरच्या संगणकासाठी ती मुदत बंद करून ठेवली नाही तर सहा महिन्यांनी घर आपोआप बाहेर पडते आणि पुन्हा लॉग-इन करायला घरी कोणी जाणकार नसतो. दोन, घरच्या वाय-फायचे पत्ते बहुधा १९२.१६८.१ ने सुरू होतात आणि परदेशातल्या खोलीवरचेही तसेच असतात. दोन्ही सारखे असले की मोबाईल गोंधळतो. घरचा राउटर आधीच १९२.१६८.७७ अशा वेगळ्या आकड्यावर नेऊन ठेवा. तीन, वीज जाऊन आली की तो संगणक स्वतःहून सुरू होतो आणि जोडला जातो, हे खात्रीने तपासून घ्या.

तिसरा मार्ग अधिक जाणकारांचा. इंटरनेटवर महिन्याच्या भाड्याने एक छोटा सर्व्हर घ्यायचा आणि घरातून त्याच्याशी वायरगार्डची कायमची जोडणी करायची. यात सगळी सूत्रे आपल्या हाती राहतात, पण देखभालही आपल्यालाच करावी लागते. संगणकाच्या कामात असलेल्यांनीच हा मार्ग धरावा.

प्रत्येक कामाला इंटरनेट लागतेच असे नाही, हेही सांगायला हवे. बागेतला पंप लावायचा असेल तर आपल्या शेतकऱ्यांचा मोबाईल स्टार्टर बरा. त्यात सिम असते आणि तो फोन किंवा एसएमएसवर चालतो. इंटरनेट नसले तरी साधे नेटवर्क पुरते.

रोजच्या डेटाचा हिशेब

सिमवरचा डेटा मोजून मिळतो. कॅमेरा सेकंदाला एक मेगाबिट पाठवत असेल तर तासाला ४५० एमबी आणि चोवीस तासांत सुमारे १०.८ जीबी जातात. रोज दोन जीबीचा प्लॅन साडेचार तासांच्या आत संपेल. मग अम्मीचा व्हिडिओ कॉल अडकेल आणि मुलांचा अभ्यासही.

म्हणून चित्रण कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डावरच होऊ द्यावे, बाहेर पाठवू नये. हालचाल दिसली तरच सूचना यावी अशी सेटिंग ठेवावी. लांबून पाहताना कमी दर्जाचे चित्र, ज्याला 'सब स्ट्रीम' म्हणतात, ते निवडावे. अर्ध्या मेगाबिटचे चित्र तासभर पाहिले तर २२५ एमबी लागतात. दिवसातून चार वेळा पाच-पाच मिनिटे डोकावले तर हा खर्च जाणवतही नाही.

सिग्नलचेही बघावे लागते. चिऱ्याच्या जाड भिंतींत आणि स्लॅबखाली सिग्नल मंदावतो. राउटर कपाटात किंवा टीव्हीमागे न ठेवता टॉवरच्या दिशेच्या खिडकीपाशी, थोडा उंच ठेवावा. बाहेरचा अँटेना जोडण्याची सोय असलेला राउटर वाडीवर जास्त उपयोगी पडतो. आपण चित्र बाहेर पाठवत असतो, त्यामुळे सिम निवडताना डाउनलोडपेक्षा अपलोडचा वेग मोजावा. तो दिवसा मोजावा आणि रात्री आठ-नऊच्या गर्दीतही मोजावा.

चावी हरवू नये म्हणून

२०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक सॉफ्टवेअरने जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. त्याने फार मोठी चलाखी केली नव्हती. कारखान्यातून आलेले, मालकाने कधी न बदललेले पासवर्ड त्याने एकामागून एक लावून पाहिले. त्या वर्षीच्या २१ ऑक्टोबरला याच यंत्रांच्या फौजेने एका मोठ्या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अनेकांसाठी बंद पडल्या. कोणाच्या तरी अंगणातला कॅमेरा त्या हल्ल्यात सामील होता आणि मालकाला त्याचा पत्ताही नव्हता.

म्हणून कॅमेरा, राउटर आणि अ‍ॅप या तिन्हींचे पासवर्ड बदला आणि प्रत्येकाचा वेगळा ठेवा. अ‍ॅपला दुसरी पडताळणी, म्हणजे ओटीपी, लावा. बसवणाऱ्याने स्वतःच्या मोबाईलवर आपला कॅमेरा जोडला असेल तर तो गेल्यानंतर त्याचे नाव काढून टाका. संकोच वाटायला नको. घराचे कुलूप बसवणारा सुतार एक चावी स्वतःकडे ठेवत नाही.

आणखी एक धोका अम्मी-अब्बांना समजावून ठेवा. घरचा संगणक किंवा मोबाईल लांबून हाताळण्यासाठी एनीडेस्कसारखी अ‍ॅप असतात. मुलाला मदत करायला ती चांगली, पण ठगही तीच वापरतात. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये याबाबत बँकांना सावध केले होते. घरी नियम एकच असावा: फोनवर कोणीही, बँकेचा किंवा कंपनीचा म्हणून, अ‍ॅप घ्यायला किंवा कोड सांगायला लावले तर फोन ठेवायचा आणि मुलाला कळवायचे. पैसे गेलेच तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा.

परदेशातल्या कायद्याचे भानही हवे. संयुक्त अरब अमिरातीत गुन्हा करण्यासाठी किंवा लपवण्यासाठी व्हीपीएन वापरणे हा दखलपात्र अपराध आहे आणि दंड पाच लाख दिरहमपासून सुरू होतो. स्वतःच्या घरचा कॅमेरा पाहणे वेगळे आणि तिथे बंद असलेली कॉलिंग सेवा व्हीपीएनने उघडणे वेगळे. त्या दुसऱ्या वाटेला जाऊ नये. प्रत्येक देशाचे नियम आपापले असतात, ते आधी विचारून घ्यावेत. कंपनीने दिलेल्या मोबाईलवर किंवा संगणकावर तर घरचे काहीच जोडू नये.

इजाजत कोणाची?

इथवर यंत्रांचे झाले. पण घर म्हणजे भिंती नव्हेत, त्यात माणसे राहतात. मुलाने दूरवरून पैसे पाठवून कॅमेरा बसवला म्हणून तो हवा तेव्हा, हव्या त्या खोलीत पाहू शकतो का?

सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात जाण्यापूर्वी परवानगी घेण्याची आणि सलाम करण्याची शिकवण आहे, हे आपण सगळे जाणतो. त्याच सूरहमध्ये पुढे घरातल्याच लोकांसाठीही एक नियम आहे. फजरच्या नमाजपूर्वी, दुपारच्या विश्रांतीच्या वेळी आणि इशाच्या नमाजनंतर लहान मुलांनी आणि घरात काम करणाऱ्यांनीही विचारल्याशिवाय खोलीत जाऊ नये. म्हणजे एकाच छपराखाली राहणाऱ्यांनाही एकमेकांपासून थोडा एकांत मिळण्याचा हक्क आहे. कॅमेऱ्याचा डोळा तर दार न वाजवताच आत येतो. मग त्याला हा नियम लागू नको का?

याचा अर्थ कॅमेरा नकोच असा नाही. एकट्या राहणाऱ्या वडिलांना तो आधार ठरतो. पण जागा घरातल्या सर्वांना, विशेषतः तिथे दिवसभर वावरणाऱ्या अम्मीला, पत्नीला, बहिणीला विचारून ठरवावी. ओटा, फाटक, मागचे दार, गाडीची जागा इथे कोणाची हरकत नसते. माजघर, स्वयंपाकघर, झोपण्याची खोली आणि न्हाणीकडची वाट इथे कॅमेरा नको. आजारी माणसासाठी आत लावावाच लागला तर त्याला झाकण असलेला किंवा बटणाने बंद होणारा घ्यावा आणि ते बटण घरातल्या माणसाच्या हाती असावे. आवाज रेकॉर्ड होणे बंद ठेवावे. ओट्यावर बसून दोन सुना, शेजारणी काय बोलतात हे रियाधमध्ये ऐकले जाण्याचे कारण नाही. कॅमेऱ्याचे तोंड शेजाऱ्याच्या अंगणाकडे किंवा खिडकीकडे वळलेले नाही ना, हेही पाहावे. अशा कारणांवरून जुने शेजार तुटू शकतात.

आणि एक साधी रीत पाळता येईल. आतला कॅमेरा उघडण्याआधी घरी एक मेसेज टाकायचा: "अम्मी, बघतोय." सलाम करून आत येण्याची ही आजच्या काळातली रीत. नवरा चोरून पाहतो आहे, असे एकदा का पत्नीला वाटले की त्या संसारातला जो भरवसा जातो, तो कोणत्याही सॉफ्टवेअरने परत बसवता येत नाही.

टॉवरच पडला तर?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगडकडे घरांची छपरे उडाली, बागा आडव्या झाल्या. विजेचे खांब पडले आणि मोबाईलचे टॉवर मुके झाले. परदेशातले लोक दिवस दिवस घरचा फोन लावत राहिले. पुढच्या वर्षी, २२ जुलै २०२१ रोजी, चिपळूण पाण्याखाली गेले. अशा दिवशी वर सांगितलेल्या मार्गांपैकी एकही चालत नाही.

साध्या वीजकपातीवर मात्र इलाज आहे. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो काही तास काढतो. इन्व्हर्टर असेल तर राउटर आणि कॅमेरा त्यावरच जोडावेत. राउटर कधी कधी अडकून बसतो, म्हणून रोज पहाटे स्वतःहून बंद होऊन सुरू होण्याची सेटिंग लावून ठेवावी. राउटरमधल्या सिमचे रिचार्ज संपल्याचा मेसेज राउटरमध्येच येऊन पडतो आणि कोणी वाचत नाही. त्याची तारीख आपल्या मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा. घरातल्या दुसऱ्या फोनचे सिम वेगळ्या कंपनीचे असू द्या, म्हणजे एक टॉवर बंद पडला तर दुसरा चालेल.

सुट्टीवर आलात की हे सगळे शेवटच्या दिवसावर टाकू नका. पहिल्या आठवड्यातच बसवा. मग घरचे वाय-फाय सोडून, शेजारच्या गावात जाऊन, मोबाईलच्या डेटावरून घर उघडून पाहा. राउटरची वीज मुद्दाम काढून पुन्हा लावा आणि परत पाहा. पासवर्ड एका कागदावर लिहून अम्मीच्या कपाटात ठेवा. घरातल्या एका मुलाला किंवा मुलीला राउटर कसा बंद-चालू करायचा हे शिकवा. आपल्याकडच्या दहावी-बारावीच्या मुली हे चटकन शिकतात.

आणि समोरच्या घरातल्या चाचांचा किंवा खालांचा नंबर मोबाईलमध्ये सर्वात वर ठेवा. जाताना त्यांना भेटून, एक चावी त्यांच्या हाती देऊन जा. अब्बा पडलेले कॅमेऱ्यात दिसले तरी त्यांना उठवायला माणूसच धावत जाणार आहे, आणि तो दुबईहून येणार नाही, समोरच्या घरातूनच येईल.